वीस वर्षांचे मंदिर, दोनशे वर्षांचे झाड

एखादे देऊळ किती जुने आहे हे पाहायचे तर आपण दगड पाहतो. शिलालेख, खांबावरची नक्षी, पायऱ्यांची झीज, चिऱ्यावर राहून गेलेले टाकीचे घाव असा सगळा पुरावा वस्तूतच असतो. हेमाडपंती देवळात खांबाला हात लावला की तो दगड यादवांच्या काळातलाच, याविषयी मनात शंका येत नाही. जपानमधील इसे येथील शिंतो देवस्थान पाहायला जाणाऱ्याला ही सवय बाजूला ठेवावी लागते. या देवस्थानाच्या लेखी इतिहासाला तेराशेहून अधिक वर्षे झाली. पण तेथील मुख्य मंदिराची इमारत २०१३ सालची आहे, म्हणजे दहावीच्या वर्गातल्या मुलांपेक्षाही लहान. आगीत किंवा भूकंपात जुने मंदिर नष्ट झाले म्हणून नवे बांधले, असेही नाही. दर वीस वर्षांनी ते ठरवून नवे बांधतात आणि जुने उतरवतात.

इसे हे शहर होन्शू बेटाच्या दक्षिण किनाऱ्याकडे, मिए प्रांतात आहे. येथे एकूण १२५ लहानमोठी देवस्थाने असून त्यांतली दोन प्रमुख आहेत. नाइकू, म्हणजे आतले देवस्थान, हे आमातेरासू या सूर्यदेवतेचे. आणि गेकू, म्हणजे बाहेरचे, हे तोयोउके या अन्नदेवतेचे. दोहोंमध्ये पाच-सहा किलोमीटरचे अंतर आहे. आधी गेकूला जायचे आणि मग नाइकूला, अशी पद्धत आहे.

नाइकूकडे जाताना इसुझू नदी लागते. (ट्रक बनवणाऱ्या इसुझू कंपनीला नाव मिळाले ते याच नदीवरून.) नदीवर उजी नावाचा सुमारे शंभर मीटर लांबीचा लाकडी पूल आहे. त्याच्या दोन्ही टोकांना तोरी, म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली लाकडी कमान आहे. पूल ओलांडला की गाव मागे राहते. वाट खडीची आहे आणि चालताना फक्त त्या खडीचा आवाज होतो. दोन्ही बाजूंना सुगी जातीचे सरळसोट सूचिपर्णी वृक्ष आहेत. काहींचे बुंधे दोघा-तिघांच्या कवेत मावणार नाहीत. पुढे वाट नदीकाठी उतरते. पात्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर बसून लोक हात धुतात आणि पुन्हा झाडीतल्या वाटेला लागतात. घंटांचा गजर नाही, रंग नाहीत, मूर्तीही नाही. शिंतो परंपरेत देवतेचे प्रतीक म्हणून आरसा किंवा तलवार अशी वस्तू असते आणि ती कोणालाही दाखवत नाहीत. इसे येथे तर मंदिरही नीट दिसत नाही. चार कुंपणांच्या आत ते आहे. शेवटच्या पायऱ्या चढून गेल्यावर समोर पांढरा पडदा असतो आणि त्याच्या वर गवताने शाकारलेल्या छपराचा थोडा भाग, एवढेच दर्शन. छायाचित्र काढायचे तर पायऱ्यांखालूनच.

जाणत्या माणसाने मात्र थोडे बाजूला पाहावे. मंदिराला लागूनच तेवढ्याच आकाराची एक मोकळी जागा आहे. पांढऱ्या गोट्यांनी आच्छादलेली आणि मधोमध एक लहानशी लाकडी खोपी. आधीचे मंदिर तेथे होते आणि पुढचेही तेथेच होणार आहे. वीस वर्षे या जागेवर, वीस वर्षे त्या जागेवर, असा हा क्रम आहे. ती खोपी आधीच्या मंदिराच्या मध्यस्तंभाची जागा राखते.

या पुनर्बांधणीला शिकिनेन सेंगू म्हणतात. सातव्या शतकात तेम्मू सम्राटाने ती ठरवली आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या त्याच्या राणीने, म्हणजे जितो सम्राज्ञीने, ती अमलात आणली. नाइकूची पहिली पुनर्बांधणी इ.स. ६९० मध्ये आणि गेकूची ६९२ मध्ये झाली. ९२७ साली सिद्ध झालेल्या 'एंगिशिकी' या नियमसंग्रहात वीस वर्षांचा नियम लिहिलेला आहे. २०१३ची पुनर्बांधणी बासष्टावी होती. पुढची २०३३ मध्ये होणार असून तिचे विधी मे २०२५ पासून सुरू झाले आहेत. आठ वर्षे आधी सुरुवात करावी लागते, कारण काम अवाढव्य आहे. दोन मुख्य मंदिरांबरोबर चौदा उपमंदिरे, कोठारे, कुंपणे आणि तोऱ्या नव्या होतात. देवतेला वाहायच्या वस्त्रे, तलवारी, आरसे, हातमागाची उपकरणे अशा ७१४ प्रकारच्या १,५७६ वस्तूही नव्याने घडवतात. उजी पूलसुद्धा वीस वर्षांनी बदलतात. त्याच्या फळ्या बसवण्याचे काम होड्या बांधणारे सुतार करतात. पाणी झिरपू न देणारा सांधा कसा करायचा हे त्यांच्याइतके कोणाला कळणार!

वीसच वर्षे का, याचे कारण एंगिशिकीत दिलेले नाही, त्यामुळे तर्कांना वाव मिळाला. एक तर्क असा की, प्राचीन कायद्यात शिजवून वाळवलेला तांदूळ साठवण्याची कमाल मुदत वीस वर्षे होती. मंदिराचा आकार धान्याच्या कोठारावरून घेतलेला, म्हणून मुदतही तीच घेतली. तर्क चतुर आहे, पण मला तो फारसा पटत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याने आधी मंदिराच्या खांबाकडे पाहावे.

या मंदिराचे खांब जोत्यावर किंवा दगडावर उभे नाहीत. ते थेट जमिनीत पुरलेले आहेत. जपानमध्ये भातशेती स्थिरावली त्या काळातली उंचावलेल्या जमिनीची धान्यकोठारे अशीच बांधत. शेताच्या कुंपणाचा जुना खांब उपटून पाहिला तर तो कोठे कुजलेला असतो? टोकाशी नाही आणि वरही नाही. जमिनीच्या पातळीवर वीतभर पट्ट्यात तो अगदी पोकळ झालेला असतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. खोल मातीत ओल असते पण हवा कमी. वरच्या भागात हवा असते पण लाकूड सुके राहते. दोन्ही गोष्टी पुरेशा मिळतात त्या जमिनीलगत. शिवाय हे लाकूड रंगवलेले नाही आणि छप्पर गवताचे आहे. जपानच्या दमट हवेत गवताचे छप्पर दोन दशकांनंतर बदलावेच लागते. खांब आणि छप्पर दोन्ही खराब होऊ लागण्याच्या सुमारास सगळेच नवे करायचे, हा हिशेब त्या काळच्या सुताराला सहज सुचला असणार.

पण त्याला टिकाऊ बांधता येत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. इसेची पहिली पुनर्बांधणी झाली त्याच शतकात नारा परिसरातील होर्यूजी हा बौद्ध मठ उभा राहिला. त्याचे खांब दगडी बैठकीवर आहेत, वर कौलांचे जड छप्पर आहे, आणि तो आजही उभा आहे. त्याच्या मनोऱ्यातील मध्यस्तंभाच्या वर्तुळांवरून ते झाड इ.स. ५९४ च्या सुमारास तोडले असल्याचे दिसून आले. दोन्ही ठिकाणी लाकूड एकच, हिनोकी. हा सायप्रसच्या कुळातला सूचिपर्णी वृक्ष. कोहारा जिरो या जपानी लाकूडशास्त्रज्ञाने जुन्या इमारतींतील तुळया तपासून दाखवले, की तोडल्यानंतर पहिली सुमारे दोनशे वर्षे हिनोकीची ताकद उलट वाढत जाते आणि मग फार सावकाश उतरते. म्हणजे दगडावर खांब उभारून हजार वर्षे टिकणारे घर बांधण्याचे तंत्र हाताशी असताना इसे येथे जुनी, जमिनीत खांब पुरण्याची पद्धत जाणूनबुजून राखली गेली. ती राखायची तर पुन्हा पुन्हा बांधणे भाग होते.

उतरवलेले लाकूड वाया जात नाही. दोन्ही मुख्य मंदिरांच्या आढ्याला आधार देणारे दोन-दोन मोठे खांब वीस वर्षांनी तासून उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोऱ्यांसाठी वापरतात. तेथे वीस वर्षे काढल्यावर ते कुवाना आणि सेकी या जुन्या वाटेवरच्या गावी पाठवतात आणि तेथे पुन्हा तोरी म्हणून उभे करतात. साठ वर्षांचे आयुष्य असे तीन जागी विभागलेले असते. इतर लाकूड देशभरच्या देवस्थानांना देतात. १९९३च्या पुनर्बांधणीनंतर मोकळे झालेले लाकूड १९९५च्या कोबे भूकंपात पडलेल्या देवस्थानांच्या उभारणीलाही गेले.

इसेविषयी लिहिताना एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वीस वर्षांच्या अंतरामुळे सुतारकाम पिढीकडून पिढीकडे गेले: विशीतला उमेदवार, चाळिशीतला कारागीर आणि साठीतला देखरेख करणारा असे तिघे एकाच कामावर भेटतात, म्हणून तेराशे वर्षे विद्या अखंड राहिली, असे म्हणतात. यातला पहिला भाग खरा आहे. 'अखंड' हा शब्द मात्र इतिहासाला धरून नाही.

पंधराव्या शतकात जपान यादवी युद्धांत सापडला. राजदरबाराकडे पैसा उरला नाही. गेकूची पुनर्बांधणी १४३४ नंतर एकदम १५६३ मध्ये झाली आणि नाइकूची १४६२ नंतर १५८५ मध्ये. म्हणजे सव्वाशे वर्षांची खिंड पडली. एवढ्या काळात सुतारांच्या पाच-सहा पिढ्या होऊन जातात. नव्याने बांधणाऱ्यांपैकी कोणीही आधीचे बांधकाम पाहिलेले नव्हते. तो धागा पुन्हा जोडला गेला तो राजामुळे किंवा सेनापतीमुळे नव्हे. केइको-इन या मठातील सेइजुन नावाची भिक्षुणी, म्हणजे बौद्ध संन्यासिनी, गावोगाव वर्गणी मागत फिरली. तिने आधी उजी पूल बांधून घेतला आणि मग १५६३ मध्ये गेकू. शिंतो देवस्थानासाठी बौद्ध संन्यासिनीने झोळी फिरवावी, हे त्या काळच्या जपानमध्ये कोणाला वावगे वाटले नाही. नाइकूसाठी १५८२ मध्ये ओदा नोबुनागाने द्रव्य देऊ केले, पण त्याच वर्षी तो मारला गेला. अखेर तोयोतोमी हिदेयोशीच्या मदतीने १५८५ मध्ये ते काम तडीस गेले. तेव्हापासून दोन्ही देवस्थानांची पुनर्बांधणी एकाच वर्षी होते.

मग या लोकांनी नमुना कोठून घेतला? इ.स. ८०४ मध्ये देवस्थानाच्या पुरोहितांनी दरबाराला सादर केलेल्या विधिपुस्तकांत इमारती आणि त्यांची मापे नोंदलेली होती. लेख आणि सुतारांची सामान्य कारागिरी यांच्या आधारे मंदिर पुन्हा उभे राहिले. आजचा आकार म्हणजे सातव्या शतकातला हुबेहूब आकार, असे अभ्यासक मानत नाहीत, ते यामुळेच. आपल्याकडे पोथ्यांच्या नकला होत. नक्कल करणारा कितीही काटेकोर असला तरी चार-दोन अक्षरे बदलत, आणि मधल्या काही नकला हरवल्या की मूळ पाठ कोणता याचा शोध घ्यावा लागे. इसेचे मंदिर ही अशी बासष्टाव्यांदा उतरवून काढलेली लाकडी पोथी आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धातही क्रम चुकला. १९४९ मध्ये व्हायची पुनर्बांधणी जपानच्या पराभवानंतर पुढे ढकलली गेली. शासन आणि धर्म वेगळे केल्यामुळे सरकारी पैसा बंद झाला आणि ती १९५३ मध्ये लोकवर्गणीतून पार पडली.

विद्या हरवली तर लेखांवरून काही अंशी परत मिळवता येते. झाडाचे तसे नाही.

एका पुनर्बांधणीला हिनोकीची सुमारे दहा हजार झाडे लागतात आणि त्यांतली काही फार मोठ्या घेराची असावी लागतात. असे झाड तयार व्हायला दोनशे वर्षे आणि सर्वांत मोठ्या खांबांसाठी त्याहूनही अधिक वर्षे लागतात. वर्गात फळ्यावर मांडण्यासारखे गणित आहे. दर वीस वर्षांनी दहा हजार झाडे तोडायची आणि प्रत्येक झाडाला दोनशे वर्षे द्यायची, तर कोणत्याही क्षणी वेगवेगळ्या वयाची किमान एक लाख झाडे डोंगरावर उभी हवीत. वादळात पडणारी, वाकडी वाढणारी, किडणारी धरली तर हा आकडा कितीतरी वाढतो. वीस वर्षांचा नियम लिहिणाऱ्यांनी हे गणित केले होते, असे दिसत नाही.

सुरुवातीला लाकूड देवस्थानामागच्या डोंगरांवरूनच मिळे. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे मोठी झाडे पुरेनाशी झाली आणि लाकूडतोडीचे डोंगर दूर दूर सरकू लागले. मियागावा नदीच्या वरच्या खोऱ्यात, मग मिकावा, मिनो असे करत १७०९च्या पुनर्बांधणीपासून बहुतांशी किसो येथील लाकूड येऊ लागले. किसो हा मध्य जपानमधला डोंगराळ मुलूख. तेथून ओंडके किसो नदीतून समुद्रात, तेथून खाडीच्या कडेकडेने इसेपर्यंत तरंगत आणत.

किसोच्या अरण्याची कथाही शांततेची नाही. सतराव्या शतकात किल्ले आणि एदोसारखी शहरे बांधण्यासाठी ते भराभर तोडले गेले. मग घाबरून तेथील ओवारी संस्थानाने कडक बंदी घातली. हिनोकीसह पाच जातींची झाडे तोडण्यास मनाई झाली. 'एका झाडाला एक मुंडके' ही म्हण त्या काळाची आठवण म्हणून अजून सांगतात. डोंगर वाचला हे खरे, परंतु त्याची किंमत सरपण आणि घरबांधणीसाठी त्याच डोंगरावर अवलंबून असलेल्या खेडुतांनी मोजली. देवस्थानातील शांत झाडी पाहताना दूरच्या दरीतली ही माणसे आठवत नाहीत. इतिहासाच्या शिक्षकाने ती आठवून द्यावीत.

इसेच्या स्वतःच्या डोंगरांची अवस्था तर त्याहून वाईट झाली. एदो काळात इसेची यात्रा साऱ्या जपानची झाली. काही विशिष्ट वर्षी तर लोंढेच येत. नोकर धन्याला न विचारता, मुले आईबापांना न सांगता वाटेला लागत. १८३० मध्ये काही महिन्यांत चाळीस लाखांहून अधिक यात्रेकरू आले. तेव्हा देशाची लोकसंख्या जेमतेम तीन कोटी होती. इतक्या माणसांचे अन्न शिजवायला सरपण लागते आणि ते मिळाले देवस्थानामागच्या टेकड्यांवरून. झाडे गेली तशी पाणी धरून ठेवणारी माती गेली आणि इसुझू नदीला वारंवार पूर येऊ लागले. १९१८च्या महापुराने पायथ्याच्या वस्तीचे फार नुकसान केले.

त्या पुरानंतर विचार बदलला. १९२३ मध्ये देवस्थानाच्या सुमारे ५,५०० हेक्टर वनासाठी दोनशे वर्षांची योजना तयार झाली. मंदिरांभोवतीचे वन जसे आहे तसे राखायचे. पुलावरून आणि वाटेवरून दिसणाऱ्या उतारांवर पाणी आणि देखावा यांना पहिला मान द्यायचा. त्यामागच्या विस्तीर्ण भागात हिनोकी लावायचा, पण नुसता हिनोकी नाही. मधली रुंद पानांची झाडे राहू द्यायची, म्हणजे पालापाचोळ्याने माती धरून राहील. एकाच जातीची दाट लागवड झटपट लाकूड देते, पण जमिनीवर ऊन पोचू देत नाही. खाली गवत-झुडूप उगवत नाही आणि पावसात माती वाहून जाते. ज्या पुरामुळे योजना आखली, तोच पूर अशाने पुन्हा आला असता. दोन उद्देश एकाच डोंगरावर साधण्याची ही खटपट मला या सगळ्या कथेत सर्वांत शहाणपणाची वाटते.

ठरावीक वर्षांनी विरळणी करतात. निवडलेल्या झाडाभोवतीची दाटी काढून त्याला ऊन मिळू देतात. २०१३च्या पुनर्बांधणीत या विरळणीतून निघालेले, नव्वदीच्या आतले हिनोकी वापरले गेले. एकूण लाकडाच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक लाकूड इसेच्या स्वतःच्या वनातून आले. सुमारे सातशे वर्षांत हे प्रथमच घडले. त्यातून लहान मापाचे नग होतात. मोठे खांब मात्र अजून किसोवर अवलंबून आहेत.

२०३३च्या पुनर्बांधणीसाठी पहिली झाडे जून २०२५ मध्ये किसोच्या डोंगरात तोडली गेली. ही तोड करवतीने करत नाहीत. कुऱ्हाडी घेतलेले लाकूडतोडे बुंध्याच्या तीन बाजूंनी आत पोखरत जातात. शेवटी आतला गाभा पोकळ होतो आणि झाड तीन जाड 'दोऱ्यां'वर, म्हणजे न तोडलेल्या तीन पट्ट्यांवर उभे राहते. मग मागचा पट्टा तोडला की झाड उरलेल्या दोन पट्ट्यांच्या बिजागरीवर वळून हव्या त्या दिशेला पडते. गाभ्याचे तंतू आधीच कापलेले असल्यामुळे पडताना खोड उभे चिरत नाही. शंभर फुटी झाड नेमक्या जागी झोपवण्याची ही युक्ती शेकडो वर्षांची आहे, आणि बलाच्या दिशेविषयी शिकवताना तिचे चित्र काढून दाखवण्याजोगे आहे. तोडलेले ओंडके इसेला आणून दोन-एक वर्षे तळ्यात बुडवून ठेवतात, म्हणजे पुढे वाळताना ते कमी वाकतात. नंतर कापून, सुकवून मग सुताराच्या हाती देतात.

इसेच्या टेकड्यांवरच्या निवडलेल्या हिनोकींवर रंगाचे पट्टे ओढलेले आहेत. एक पट्टा म्हणजे पुढे बांधकामाला राखून ठेवलेले झाड. दोन पट्टे म्हणजे त्याहून जास्त काळ वाढू द्यायचे, मोठ्या खांबासाठीचे झाड. १९२३ पासून मोजलेली दोनशे वर्षे संपल्यानंतरची पहिली पुनर्बांधणी २१३३ साली येते. ती अडुसष्टावी असेल.